वाळूतला वाडगा

"अण्णा, आई गेली," संगीता फोनवर म्हणाली. सकाळचे सात वाजले होते, माझ्या हातात चहाचा कप होता. अशा वेळी माणूस कधी, कशी, असं काहीतरी विचारतो. मी विचारलं, "खोका कुठे आहे?" ती म्हणाली, "तिथेच आहे, खिडकीखाली. तो कुठे जाणार?" फोन समोरच्याच दारातून आला होता. आईच्या उशाशी बसून ती एकेकाला कळवत होती आणि पहिला फोन तिने मला केला होता. त्यांच्या आणि माझ्या दारात सात पावलांचा पॅसेज आहे. ती सात पावलं चालून जायला मला अर्धा तास लागला.

याला आता सहा आठवडे झाले. इमारतीच्या फळ्यावर कुणीतरी खडूने लिहिलं होतं, 'आपल्या सर्वांच्या लाडक्या, हसतमुख जानकी परब यांचे दुःखद निधन.' हसतमुख हे साफ खोटं. जानकीवहिनी महिन्यातून एखाद्या वेळी हसायच्या आणि तेही समोरचा फजीत झाला असेल तर. लाडक्या म्हणाल, तर या लोकांना त्या गेली तीस वर्षं लाडक्या नव्हत्या. लालबागच्या आमच्या चाळीत, आणि चाळ पाडून त्याच जागेवर बांधलेल्या या टॉवरमध्ये, त्यांचं नाव 'सुरणवाली' होतं. त्या नावामागे एक गोष्ट आहे, ती सगळ्यांना पाठ आहे आणि ती खोटी आहे. खोटी आहे हे स्वतःच्या डोळ्यांनी पाहिलेला आता मी एकटाच उरलोय. "जाऊ द्या ना अण्णा, आता कशाला उकरून काढता," असं मला तिघांनी सांगितलं. विषय कंदमुळांचा आहे. उकरल्याशिवाय ती हाताला लागत नाहीत.

वहिनींचा नवरा दत्ताराम आणि मी एकाच गिरणीत होतो. तो साचाखात्यात मागावर, मी टाइमकीपरच्या हाताखाली कारकून. खोल्या शेजारी शेजारी. तो लग्न करून वहिनींना गावाहून घेऊन आला, तेव्हा त्यांच्यासोबत एक ट्रंक आणि एक गोणपाट होतं. गोणपाटात सुरण, अळकुड्या म्हणजे अळूचे कंद, रताळी, आलं, ओली हळद. दहा बाय बाराच्या खोलीत हे ठेवणार कुठे? दत्तारामने गोदीतून देवदाराच्या फळ्या आणल्या आणि हातभर उंचीचा, अडीच हात लांबीचा खोका ठोकून गॅलरीत खिडकीखाली ठेवला. आता त्यात भरायला वाळू हवी होती. मी नव्या वहिनींवर छाप पाडायला म्हणून दादरच्या चौपाटीवरून दोन पिशव्या वाळू खांद्यावर मारून आणली. त्यांनी चिमूटभर हातात घेतली, माझ्याकडे पाहिलं.

"चाखून बघा भावोजी."

मी चाखली.

"खारी आसा मां? कंदाक मीठ लावून खारवूचा आसा काय?"

गॅलरीतल्या सगळ्या बायका हसल्या. वहिनीही हसल्या, तो महिन्यातला एक दिवस असावा. मग एका बांधकामावरून नदीची वाळू आणली. त्यांनी ती चाळली, चार दिवस गच्चीत उन्हात पसरली, आणि तेव्हा कुठे खोका भरला.

पुढे अनेक वर्षं मी त्यांचं हे काम येता-जाता पाहिलं. त्यांनी कधी शिकवलं नाही, पण शिकलो. कंद धुवायचा नाही, अंगावरची माती तशीच राहू द्यायची. गाजर, मुळा, बीट यांचा पाला आणल्या आणल्या कापायचा, दोन बोटं देठ ठेवून, कारण पाला खालच्या कंदातलं पाणी ओढून घेतो. त्यांच्यासाठी आणि आल्यासाठी खोक्याच्या एका टोकाची वाळू हाताने शिंपडून किंचित ओलसर, आणि मधे फळी मारून सुरण-अळकुड्यांची बाजू खडखडीत कोरडी. एकाने दुसऱ्याला टेकायचं नाही, प्रत्येकाभोवती वाळू हवी. सुरण कापला तर कापाला राख चोळायची, कोंब दिसला की खुडायचा. रताळं फ्रीजमध्ये ठेवणारा माणूस त्यांच्या मते कशालाच भरवशाचा नव्हता. दर सोमवारी त्या वाळूत कोपरापर्यंत हात घालून एकेक कंद चाचपत. बघत नसत, हातानेच त्यांना कळे. मऊ लागलेला त्याच दिवशी भाजीत जाई किंवा बाहेर. पावसाळ्यात, चाळीत पापडसुद्धा मऊ पडत तेव्हा, त्यांच्या वाळूतलं आलं करकरीत असे. चहाची वेळ झाली की मजल्यावरच्या बायका यायच्या, "जानकी, बोटभर आलं दे गं." त्या उठून द्यायच्या. कुणाला नाही म्हटलेलं मी ऐकलं नाही.

आता ती पंचमी. गणपतीच्या दुसऱ्या दिवशी, ऋषीपंचमीला, आमच्या चाळीत खाली चौकात मोठ्या टोपात ऋषीची भाजी व्हायची, अख्ख्या चाळीसाठी. बैलाच्या कष्टाचं त्यात काही चालत नाही. जे हाताने लावलं, आपोआप उगवलं ते. तेल नाही, फोडणी नाही. अळू, माठ, भेंडी, मका आणि वहिनींच्या खोक्यातला सुरण नि अळकुड्या. ज्यांनी ही भाजी केली आहे त्यांना माहीत असतं की सुरण आणि अळू खाजरे. म्हणून उकळीला आंबट घालावंच लागतं. आमच्यात आंबाडे घालतात, चेचून, कोयीसकट. त्या वर्षी मी चाळ कमिटीचा नवा सेक्रेटरी होतो आणि सगळ्याच कामात पुढे पुढे करत होतो. आंबाडे मी चेचले. आमच्या घरच्या पितळी वाडग्यात ठेवले. त्या वाडग्यावर माझ्या आईचं नाव घातलेलं होतं, 'सौ. लक्ष्मीबाई ग. साटम'. भाजी चढली होती. तेवढ्यात वरून संगीताने हाक मारली, बाबांना धाप लागलीय. दत्तारामची छाती कापसाने केव्हाच खाल्ली होती. वहिनींनी डाव माझ्या हातात दिला. "भावोजी, उकळी इली की आंबाडे टाका. इसरू नकात." आणि त्या जिना चढून गेल्या.

उकळी यायच्या आत नगरसेवक दर्शनाला आले. हार माझ्याकडे, नारळ माझ्याकडे, भाषण माझ्याकडे. मी डाव टोपावर आडवा ठेवला, वाडगा जिन्याच्या खिडकीत ठेवला आणि धावलो. वहिनी खाली आल्या तेव्हा मी मंडपात नगरसेवकांच्या शेजारी, फोटोसाठी उभा होतो. त्यांनी लांबून हातानेच विचारलं, टाकले? मी मान हलवली. हो.

मी तेव्हा खोटं बोलत होतो, असं मला अजूनही वाटत नाही. मला प्रश्न नीट कळलाच नव्हता, मला फोटो काढायचा होता... पण खोटं बोलायचं तेव्हा मी बोललो. ते पुढे येतंय.

पंगत बसली आणि पाचव्या मिनिटाला लोक घसे खाजवायला लागले. म्हाताऱ्यांना चिंच चोखायला दिली, पोरांना ताक दिलं. कमिटीचे अध्यक्ष पेडणेकर, त्यांची चार वर्षांची नात मानसी, तिचे ओठ सुजले, डोळे सुजले. तिला टॅक्सीत घालून हॉस्पिटलात नेलं. दुसऱ्या दिवशी सकाळी ती हसत घरी आली, पण त्या एका दिवसात चाळीचा निकाल लागून गेला होता. सुरण शिमग्याला आलेला, भाद्रपदात वापरला. मातीत पुरून ठेवलेला. कुजलेला. मला टोपाशी उभं राहून आठवलं होतं... वाडगा खिडकीत आहे. मी खिडकीपाशी गेलो. वाडगा तिथे नव्हता.

अनंत चतुर्दशी झाली आणि कमिटीची सभा बसली. वहिनींना बोलावलं होतं. पेडणेकर म्हणाले, "बाई, माझी नात जाता जाता वाचली. सहा महिन्यांचा कंद पोरांना खायला घालतात का?"

वहिनी उभ्या होत्या. म्हणाल्या, "जुनो सुरण कमी खाजता, नवो जास्त. ह्यां माझ्या आवशीन माका शिकवल्यान. सुरणाचो दोष नाय." मग माझ्याकडे वळल्या. "भावोजी, आंबाडे टाकलात मां?"

सभेत वीस माणसं होती. समोर वही उघडी होती, हातात पेन होतं. आज मी अठ्ठ्याहत्तर वर्षांचा आहे. एवढ्या आयुष्यात खरं बोलायला इतकी सोपी, इतकी सरळ संधी मला दुसऱ्या कोणी दिली नाही.

"टाकले होते," मी म्हणालो.

वहिनींनी माझ्याकडे थोडा वेळ पाहिलं. "बरां," म्हणाल्या. बस, एवढंच.

मग मी माझ्या सुबक अक्षरात इतिवृत्त लिहिलं. 'सौ. जानकी दत्ताराम परब यांनी दीर्घकाळ साठवलेल्या कंदामुळे रहिवाशांना त्रास झाला. सदर खोका आठ दिवसांत गॅलरीतून हलवावा.' खाली सही माझी. वाचून दाखवलं तेव्हा वहिनी म्हणाल्या, "खोको हलूचो नाय. कोणाक हात लावचो आसात, तर माझ्यासमोर लावा." आणि निघून गेल्या. आठ दिवस झाले, महिना झाला. कुणी हात लावला नाही. पण आलं मागायला येणंही त्या दिवसापासून बंद झालं. मजल्यावरच्या बायका चहाच्या वेळेला खोक्यावरून पलीकडे बघत जायच्या. संगीताला शाळेत पोरं 'ए सुरण' म्हणून हाका मारायची. पंचमीची भाजी पुढच्या वर्षीपासून केटररकडे गेली आणि तो तिला तेलाची फोडणी द्यायचा. ती भाजी कुणालाच आवडायची नाही, पण कुणाचा घसा खाजत नव्हता, त्यामुळे सगळ्यांना बरं वाटायचं.

सभेच्या दुसऱ्या दिवशी सोमवार होता. कामावर निघालो तर वहिनी खोक्याशी बसल्या होत्या, नेहमीसारख्या. वाळू उपसायला त्या पूर्वी नारळाची करवंटी वापरत. त्या दिवशी हातात पितळी वाडगा होता. चिंचेने घासून लखलखीत केलेला. 'सौ. लक्ष्मीबाई ग. साटम'. त्यांनी वर पाहिलं नाही. वाळू भरली, दुसऱ्या बाजूला ओतली, वाडगा वाळूत उभा खोचला, नावाची बाजू माझ्याकडे.

त्यानंतर गेली तीस वर्षं तो वाडगा तिथे होता. लपवलेला नव्हता. चाळीतल्या चाळीस बिऱ्हाडांतल्या कुणालाही वाचता आला असता. भांड्यावर नाव घालतातच त्यासाठी, पंगतीत भांडी इकडची तिकडे झाली तर कळावं म्हणून. पण खोक्याकडे कुणी बघतच नव्हतं. बघत होतो मी एकटा. आणि माझी बायको, नलू. एकदा तिने मला विचारलं, "आईंचा वाडगा परबांच्या वाळूत काय करतोय?" मी म्हटलं, राहिला असेल पंचमीपासून. ती भाजी करणारी बाई होती, तिला कळायला दोन दिवस लागले. मग रात्रीची भांडी विसळता विसळता म्हणाली, "एक तर तो वाडगा घेऊन या, नाहीतर जाऊन खरं सांगा. दोन्हींपैकी एक करा." मी दोन्हींपैकी एकही केलं नाही. नलू गेली त्याला आता नऊ वर्षं होतील. हे ओझं मी तिच्याही डोक्यावर ठेवलं, हेही इथे लिहून ठेवतो.

दत्ताराम त्या पंचमीनंतर चार वर्षांनी गेला. चाळ पडली, आम्ही ट्रान्झिट कॅम्पमध्ये राहिलो, परत आलो. अकराव्या मजल्यावर समोरासमोर दारं. तयार किचन बसवायला आलेल्या मुलांना वहिनींनी खिडकीखालची अडीच हात जागा मोकळी सोडायला लावली. वाळूची पोती लिफ्टमध्ये नेताना वॉचमनने अडवलं, "मावशी, रेती अलाउड नहीं." वहिनी म्हणाल्या, "मगे जिन्यान घेवन जा तू. अकरावो मजलो. मी लिफ्टीन येतंय, थंय भेटू." पोती लिफ्टमधूनच गेली. या इमारतीत नवीन आलेल्या लोकांनाही पहिल्या आठवड्यात कुणीतरी सांगायचंच, त्या अकराव्यावरच्या ना, सुरणवाली, मोठा किस्सा आहे. किस्सा सांगताना माझ्याकडे बोट दाखवत, "अण्णा साक्षीदार आहेत." आणि मी मान हलवायचो... लांबून, त्या दिवशी हलवली तशीच.

जाण्याआधी पंधरा दिवस मी त्यांच्याकडे गेलो. खाटेवर होत्या. सोमवार होता आणि त्यांना वाळूपर्यंत वाकता येत नव्हतं. संगीताला जमत नव्हतं, ती घाबरत घाबरत बोटं घालत होती. मी तिला बाजूला केलं, खाली बसलो, बाह्या सारल्या आणि कोपरापर्यंत हात घातला. वाळू आतून गार होती. एकेक कंद चाचपत गेलो. एक अळकुडी मऊ लागली, ती बाहेर काढली. वहिनी बघत होत्या. आणि खाली बसल्या बसल्याच, त्यांच्याकडे न बघता, मी सांगितलं. आंबाडे टाकले नव्हते. मी विसरलो. आणि सभेत खोटं बोललो.

त्यांनी डोळे मिटले. मला वाटलं झोप लागली. मग म्हणाल्या, "वाडगो मागूक येशात म्हणान वाट बघी होतंय."

"तुम्हीच का नाही सांगितलंत, वहिनी? वाडगा तुमच्या हातात होता. आंबाड्यांसकट मिळाला असेल."

"मी सांगान काय झाला असता? सुरणवाली आपला झाकता म्हणाले असते. तुमी सांगूचा होता." मग म्हणाल्या, "आताव माका कित्या सांगतास? माका म्हायत आसा. ज्यांका म्हायत नाय त्यांका सांगा."

म्हणून दहाव्या दिवशी सोसायटीच्या हॉलमध्ये शोकसभा झाली तिथे मी गेलो. सोसायटीची सेक्रेटरी आता मानसी आहे, तीच पेडणेकरांची नात. चांगली, हुशार मुलगी. ती बोलायला उभी राहिली आणि हसून म्हणाली, "मी चार वर्षांची असताना परब आजींचा सुरण खाऊन हॉस्पिटलात गेले होते. तरी मला त्या खूप आवडायच्या." हॉल हसला, प्रेमानेच हसला. मी उठलो. म्हणालो, तो सुरण चांगला होता. आंबाडे टाकायचं काम माझं होतं, मी टाकले नाहीत आणि सभेत टाकले म्हणून सांगितलं. मग मागून कुणीतरी म्हणालं, "किती मोठं मन आहे अण्णांचं." दुसऱ्याने मला हाताला धरून बसवलं, "बसा अण्णा, बीपी वाढेल." गेलेल्या शेजारणीचा दोष म्हातारा स्वतःच्या अंगावर घेतोय, असं त्यांना वाटलं. लोकांचे डोळे पाणावले. दारात एक जण माझ्या पाया पडला. तीस वर्षांच्या खोट्यावर कुणी कधी शंका घेतली नाही, आणि पहिल्यांदा खरं बोललो तर तो माझा चांगुलपणा ठरला.

म्हणून हे छापायला दिलं. माझं मन मोठं नाही. मी विसरलो, आणि मग घाबरलो, आणि मग सवय झाली. जानकी परब यांच्या खोक्यातला कंद कधी कुजला नाही, कारण त्या दर सोमवारी हात घालून बघत होत्या. इतिवृत्ताच्या वहीत जे आहे ते खोटं आहे आणि ते माझ्या अक्षरात आहे. ज्यांना पडताळायचं असेल त्यांनी वाडग्यावरचं नाव वाचावं.

वाडगा कुठे आहे तेही सांगतो. संगीता वडाळ्याला राहते, तिच्या घरात खोक्याला जागा नाही. "अण्णा, भंगारात देऊ का?" तिने विचारलं. मी खोका रिकामा केला, सात पावलं ओढत आणला, वाळू चाळली, पुन्हा भरली. माझ्या किचनमध्ये तो मावत नाही म्हणून दाराबाहेर पॅसेजमध्ये ठेवलाय. वाडगा संगीताने धुऊन, पुसून माझ्या हातात दिला होता, "तुमच्या घरचा आहे, आई म्हणाली परत द्यायचा." मी तो घरात नेलेला नाही. वाळूत उभा खोचून ठेवलाय, नाव जिन्याकडे.

गेल्या सोमवारी मानसी आली. हातात कागद होता. "अण्णा, रागावू नका. पॅसेजमध्ये सामान ठेवता येत नाही. आठ दिवसांत हलवायची नोटीस आहे, मलाच सही करावी लागली."

मी आलं चाचपत होतो. म्हटलं, "खोको हलूचो नाय."

तिला वाटलं मी गंमत करतोय. ती माझ्या शेजारी उकिडवी बसली, समजूत घालायला. समोर वाडगा होता. बसल्या बसल्या तिने तो वाचला.

"लक्ष्मीबाई साटम म्हणजे..."

"माझी आई."

"मग हा परब आजींच्या खोक्यात कसा?"

तीस वर्षांत नलूनंतर हा प्रश्न पहिल्यांदाच कुणीतरी विचारला होता. मी वाळूतून हात बाहेर काढला, झटकला. म्हटलं, "ती नोटीस ठेव बाजूला. नीट बस. तुझे ओठ माझ्यामुळे सुजले होते."